सरासरीत हरवलेले तालुके

मंडळी, आज सांगली-साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांचं बोलायचंय, पण आधी जे नोकरीत आहेत त्यांनी जरा पगाराची स्लिप आठवून बघा. प्रोफेशनल टॅक्स म्हणून महिन्याला २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २५००. इन्कम टॅक्सवर आपण तासभर भांडू शकतो पण हे अडीच हजार कशापायी जातात हे कुणी विचारत नाही. १९७५ साली हा कर लागला तो रोजगार हमीसाठी. म्हणजे पगारदाराच्या खिशातनं थोडे काढायचे, सरकारनं त्यात तेवढीच भर टाकायची आणि खेड्यात जो काम मागेल त्याला काम द्यायचं. आणि ही आयडिया दिल्लीच्या कुठल्या एसी केबिनमधली नाही बरं का, आपल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरची आहे. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी १९६५ साली विसापूरला त्याचा प्रयोग करून बघितला. सांगलीत आज किती पोरांना हे नाव माहीत असेल, जाऊ दे.

मग १९७२ चा दुष्काळ आला. इथं जे साठीच्या पुढचे बसलेत त्यांना दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी आठवत असेल, बाहेरनं आलेली लाल ज्वारी, मिलो आठवत असेल, खडी फोडायला गेलेली घरातली बाई आठवत असेल. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते, सगळं त्या काळात उभं राहिलं, काही टिकलं आणि काही पहिल्याच पावसात वाहून गेलं. पण खरी गोष्ट पुढं घडली. १९७७ ला विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या आधी दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहरबानी, तहसीलदाराच्या मनात आलं तर काम निघणार नायतर नाही. कायद्यानंतर अर्ज दिला की पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता द्यायचा, आणि बाईला आणि गड्याला मजुरी सारखी. आता हजेरीपटावर खोटी नावं लागली, पैसे महिनोन्‌महिने अडकले, मुकादमांनी हात धुवून घेतले, हे सगळं झालं, मी काही त्याची आरती करायला उभा नाही. पण गरिबाच्या हातात मागायचा कागद आला, हा फरक फार मोठा आहे. २००५ ला केंद्रानं देशभर कायदा केला तो आपलं बघूनच, फक्त त्यात कुटुंबाला १०० दिवसांची मर्यादा घातली.

आता दुसरी बाजू सांगतो, ती जरा कोरडी आहे पण ऐका, कारण आपल्या पूर्व भागाचं सगळं गाडं तिथंच अडकलंय.

मागास भाग कोणता हे सरकार ठरवतं कसं? १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८४ ला अहवाल आला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज असं एकेक घेऊन राज्याची सरासरी काढली आणि जो जिल्हा त्याच्या खाली तो मागं, त्याचा तेवढा अनुशेष, म्हणजे भरून काढायची तूट. एकूण आकडा आला ३,१८६ कोटींच्या घरात. काम अभ्यासाचं होतं, विदर्भ-मराठवाड्याला त्याच्यामुळं बोलायला आकडा मिळाला, ते योग्यच झालं. पण मोजमाप जिल्ह्याचं. आता सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि म्हसवडला पाचशेच्या आसपास, तोही आला तर. सांगलीत वाळवा-मिरजेत उसाचा फड आणि साखर कारखाने, आणि जतला जनावरांसाठी टँकर. ह्या दोन्हींची बेरीज करून भागाकार केला की जिल्हा एकदम खातापिता दिसतो. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तालुके 'पश्चिम महाराष्ट्र' नावाच्या श्रीमंत पाटीखाली बसलेत, आणि मुंबईत आपला माणूस दुष्काळाचं बोलायला उभा राहिला की समोरचा म्हणणार, अहो तुमच्याकडं तर कारखाने आहेत! पुढं २०११ ला केळकर समिती नेमली तिनं पाण्यानं गांजलेल्या तालुक्यांचा वेगळा विचार मांडला, पण तोवर तीस वर्षं गेली होती.

घराच्या पातळीवर पण हेच बघा. १९९९ ला तीन रंगांची रेशनकार्डं आली, पिवळ्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५ हजारांच्या आत पाहिजे. वर्षाचं! तलाठ्याचा दाखला ज्याला काढता आला तो गरीब ठरला. जो त्या वेळी ऊसतोडीला नाहीतर मेंढरं घेऊन बाहेर होता त्याचं नाव लावणार कोण?

पाण्याचं बोलतो आता, कारण आपल्याकडं गरिबी म्हणजे शेवटी पाणीच. बच्छावत लवादानं कृष्णेचं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिलं आणि ३१ मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकतो अशी मुदत घातली. ती तारीख जवळ आली तेव्हा सरकारची धावपळ उडाली, १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ काढलं, लोकांकडनं रोखे घेतले, टेंभू-म्हैसाळ-ताकारी ह्या पाणी उपसून वर न्यायच्या योजनांची कामं दणादण पुढं रेटली. म्हणजे दुष्काळी माणसाचा कळवळा आला म्हणून नव्हे, तर पाणी हातचं जाईल ह्या भीतीनं! असो, पण योजना झाल्या. कराडजवळ टेंभूला कृष्णेतनं उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवत खानापूर, आटपाडी, पार सांगोल्यापर्यंत नेलं. ज्या विटा-खानापूरच्या पोरांनी पाणी नाही म्हणून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात अख्खा देश पालथा घातला त्यांच्या रानात कालवा आला.

पण हे आपसूक आलं नाही. आटपाडीत दरवर्षी पाणी परिषद भरायची, नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर, आणि समोर हजारोंनी माणसं. वीजबिल कुणी भरायचं ह्यावर पंप बंद पडायचे, शेवटी बिलाचा ८१ टक्के वाटा सरकारचा आणि १९ टक्के शेतकऱ्याचा असं ठरलं. जतच्या पूर्व भागातल्या गावांनी तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या असा ठराव केला होता, २०१२ ला. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, कर्नाटकचे मुख्यमंत्री त्या ठरावाचा दाखला देऊन जतच्या गावांवर हक्क सांगायला लागले, आणि मग विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली हलायला लागल्या. तहानेनं जे झालं नाही ते सीमावादानं झालं. हसू नका, हसण्यासारखं आहे तरी.

एक चांगलं पण सांगायला पाहिजे. १९९० ला रोजगार हमीतनं फळबाग लावायची योजना आली. शेतकऱ्यानं स्वतःच्या बांधात खड्डे काढायचे, रोपं लावायची, मजुरी सरकार देणार. आटपाडी-जतकडं डाळिंब फोफावलं त्यात ह्या योजनेचा हात आहे. खडी फोडून मजूर मजूरच राहिला, डाळिंबानं निदान जमीनवाला लहान शेतकरी तरी उभा राहिला. मला विचाराल तर रोजगार हमीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच.

पण 'जमीनवाला' म्हटलं की गोची सुरू होते. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदूळवाडीला येरळेवर बळीराजा धरण आहे, कधी गेलात तर बघा. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परत आलेले कामगार आणि दुष्काळी कामावरचे मजूर ह्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र येऊन ते बांधलं, सरकारचा आधी विरोध होता, नदीतली वाळू विकून पैसा उभा केला. आणि नियम काय केला, तर ऊस लावायचा नाही आणि ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही पाण्याचा वाटा. लहानसं धरण आहे, पण सरकारच्या कुठल्या मोठ्या योजनेत हे कलम तुम्हाला दिसणार नाही. तिथं पाणी सातबाऱ्याकडं बघून मिळतं. कालव्याच्या तोंडाला ज्याची जमीन तो लगेच ऊस लावून मोकळा, शेवटच्या गावाला पाळी येईस्तोवर रोटेशन संपलेलं, आणि भूमिहीन बाई कालचीच, फक्त आता खडीऐवजी द्राक्षाच्या विरळणीला जाते. मजुरी थोडी बरी मिळते, नाही म्हणत नाही.

आटपाडीत आता कालव्याऐवजी बंद पाइपनं पाणी द्यायची पद्धत आणलीय. त्यात जमीन संपादनाची कटकट कमी, पाणी उडून जात नाही आणि मुख्य म्हणजे मोजता येतं. मोजता येतं म्हणजे माणशी वाटता पण येईल, भूमिहीनालाही, त्यानं ते कसायला घेतलेल्या रानात वापरावं. चळवळीची ही मागणी जुनीच आहे. आधी पाइप नव्हते म्हणून जमत नाही म्हणायचे, आता पाइप आलेत. सभागृहात पाटबंधारे खात्यातले कुणी असतील तर प्रश्नोत्तराला थांबा, माझा पहिला प्रश्न तुम्हालाच आहे.