आत्याचा तेरावा महिना

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मोबाइलच्या रिचार्जबद्दल, आणि "फोन जुना झाला, आता नवाच घ्यायला हवा" या घरोघरच्या वाक्याबद्दल. पण आधी माझ्या देवरुखच्या आत्याची गोष्ट ऐका.

जानेवारीत तिच्याकडे गेले होते. तिचा सहा वर्षांचा फोन तापायचा, अडखळायचा, ३० टक्के बॅटरी दिसत असताना मध्येच बंद पडायचा. नातवाने निदान करून टाकलं होतं, "आजी, याचा प्रोसेसर गेला." प्रोसेसर म्हणजे फोनचं डोकं, सगळी कामं करणारी चिप. नव्या फोनसाठी आत्याने १५ हजार बाजूलाही काढले होते. म्हटलं, आधी बाजारात दाखवून तर येऊ.

दुरुस्तीवाल्या मुलाने मागचं झाकण गरम करून अलगद सोडवलं आणि फोन आमच्यापुढे धरला. बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली! "काकू, याचं डोकं शाबूत आहे, पोट बिघडलंय," तो म्हणाला. साडेसातशे रुपये, तासभर वेळ, आणि फोन चालता झाला. छत्री, स्टोव्ह, रेडिओ दुरुस्त करणारी माणसं आपल्या गावांतून एकेक करून गेली. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर छत्रीवाला ओटीवर येऊन बसायचा, आता काडी मोडली की छत्री उकिरड्यावर. हा मुलगा तरी टिकावा असं मला फार वाटतं.

तर, घरी आल्यावर आत्या जुनं कॅलेंडर भिंतीवरून उतरवत होती. गॅस आला की लाल गोल, रिचार्ज केला की निळा, ही तिची पद्धत. तिने निळे गोल मोजले. तेरा. परत मोजले. तेराच.

"अगो, वर्षाचे महिने बारा. हा तेरावा कुठला?"

मी म्हटलं, आत्या, तुझा रिचार्ज २८ दिवसांचा. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाला तेरा वेळा पैसे.

आत्या खाली बसली. "अधिक महिनासुद्धा तीन वर्षांनी येतो गो. यांचा दर वर्षी? आणि अधिकात वाण द्यायचं ते जावयाला. ही कंपनी माझी जावई कधी झाली?"

बरं, त्या रिचार्जमध्ये रोजचा दीड जीबी डेटा. घरात नातवाच्या कामासाठी वाय-फाय आहे, म्हणजे तो डेटा रोज रात्री बारा वाजता न वापरताच संपायचा.

श्रोतेहो, अशा घरांसाठी सोय झालेली आहे. ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४मध्ये नियम बदलला. फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला रिचार्जही कंपन्यांनी द्यायलाच हवा, आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. पुन्हा सांगते, डेटा नसलेला रिचार्ज मिळतो. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही मागा. घराबाहेर यूपीआयने पैसे देत असाल तर मात्र तो तुमच्या कामाचा नाही. मग तुम्ही ३० दिवसांचा रिचार्ज मागा, तोही कंपन्यांना ठेवावाच लागतो.

आता प्रोसेसर. त्यात फिरणारं, घासणारं काही नसतं. तो वर्षानुवर्षं चालतो. झिजते ती बॅटरी. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो तो म्हातारा झाला. डिसेंबर २०१७मध्ये अ‍ॅपलने स्वतःच मान्य केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग त्यांचं सॉफ्टवेअर कमी करतं. बॅटरी बदलली की वेग परत येई. म्हणून लक्षात ठेवा, आधी बॅटरी तपासा. आधी बॅटरी. आणि फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका, दाबू नका.

जुन्या फोनची खरी अडचण वेगळी आहे. कंपनी सुरक्षेचे अपडेट द्यायचं थांबवते. सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नका. बोलायला, रेडिओ ऐकायला तो खुशाल वापरा. आत्याने बँकेचं अ‍ॅप त्याच दिवशी काढून टाकलं. पासबुक घेऊन ती शाखेत जाते.

तिच्या नव्या कॅलेंडरवर गॅसचे लाल गोल नेहमीसारखे आहेत. निळा एकच आहे, जानेवारीतला.