बेचाळिसावा दिवस

समोर बसलेल्या बऱ्याच जणांचा मोतीबिंदू काढून झालेला आहे. काहींचा तर मीच काढलाय. तेव्हा एक वाक्य तुम्ही ऐकलेलंच असणार, "अजून पिकला नाही, थोडं थांबा." जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत त्याला अर्थ होता, आता तोही उरला नाही. तरी सत्तरीच्या माणसानं चार-सहा महिने थांबल्यानं सहसा फारसं बिघडत नाही. त्याचं पाहून झालेलं असतं. काच पुसली की राजवाडा पुन्हा दिसतो. हेच वाक्य तान्ह्या बाळाच्या आईला सांगितलं तर काय होतं, त्याबद्दल आज मला बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरकडून एक चार वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू. आईला मी जरा रागावूनच विचारलं, इतके दिवस काय केलंत? ती शांतपणे म्हणाली, "महिन्याची होती तेव्हाच पाहिलं होतं, बाई. तेल लावताना तोंड उन्हाकडे व्हायचं, बाहुलीत पांढरं दिसायचं." सासू म्हणाली, फूल पडलंय, मध घाल, जाईल. मग ती बाळाला घेऊन दवाखान्यात गेली. कुठल्या ते सांगत नाही. तिथं सांगितलं, फार लहान आहे, मोठी होऊ दे, पिकू दे. पुढे घर मजुरीला गुजरातेत गेलं. होळीआधीच्या भगोरिया जत्रेला गावी यायचं, होळी झाली की परत जायचं. अशी चार वर्षं गेली. आईनं उशीर केलाच नव्हता. तिला थांबायला सांगितलं होतं, आणि सांगणारे आमच्यातलेच होते. माझा राग मला आजही टोचतो.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पट्टी काढली, बाहुल्या काळ्याभोर. आईनं हातातली बांगडी काढून मुलीसमोर धरली, हलवली. मुलगी ढिम्म. बांगडी दुसऱ्या बांगडीवर आपटून वाजली, तेव्हा मुलीनं मान वळवली आणि कान तिकडे केला. डोळे नाही. आई म्हणाली, "पांढरं तर गेलं ना? मग बघत का नाही?"

मंडळी, डोळा उजेड आत घेतो, पाहायला शिकतो तो मेंदू. हे शिकणं जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच सुरू होतं. ह्यूबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांची एक पापणी काही काळ शिवून ठेवली. नंतर ती उघडली, डोळा निरोगी होता, पण मेंदूनं त्याचं ऐकणं सोडून दिलं होतं. त्या दोघांना 1981 साली नोबेल मिळालं. बाळाचंही असंच होतं. एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर साधारण 6 आठवड्यांच्या आत, दोन्हींत असेल तर 8 ते 10 आठवड्यांच्या आत तो काढलेला बरा. त्यानंतर डोळे भिरभिरू लागले, नजर ठरेना, की पुष्कळ काही हातचं गेलेलं असतं.

6 आठवडे म्हणजे 42 दिवस. आता हे पाहा. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते. लसही 6 आणि 10 आठवड्यांना असते. म्हणजे नेमक्या त्या दिवसांत सरकारचं माणूस बाळापाशी असतंच! 2013 पासूनच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात मोतीबिंदूही आहे. वजन होतं, ताप पाहतात, नाळ पाहतात. बाहुलीत डोकावायला अर्धं मिनिट लागतं.

सगळा दोष आशाताईवर टाकू नका. तिनं पाठवलं तरी तान्ह्या बाळाला भूल देणारे डॉक्टर मोठ्या शहरांतच असतात. बाळाला सर्दी झाली, वजन भरलं नाही, की तारीख पुढे. बापाची मजुरी बुडते ती वेगळीच. आणि शस्त्रक्रियेनं काम संपत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळात बहुधा भिंग बसवत नाहीत, म्हणून जाड चष्मा, तो पुन्हा पुन्हा बदलायचा. एकच डोळा अधू असेल तर रडणाऱ्या पोराचा चांगला डोळा रोज काही तास झाकायचा. डोळ्याचा दाब पुढे आयुष्यभर तपासायचा. माझ्या ओपीडीत मुली मुलांपेक्षा उशिरा यायच्या आणि मुलीचा चष्मा फुटला तर तो बरेचदा फुटलेलाच राहायचा. हे बोलताना आजही त्रास होतो.

आईचं ऐकून काय हाती लागतं, तेही सांगते. 1941 साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञानं मोतीबिंदू असलेल्या 78 बाळांच्या आयांकडे चौकशी केली. त्यांतल्या 68 जणींना गरोदरपणी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला होता. आज आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस आहे. ती चुकवू नका.

उशीर झालेलं मूल मात्र परत पाठवू नका. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर उपचार करणाऱ्या दिल्लीच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये आठ-दहा वर्षांच्या, त्याहूनही मोठ्या मुलांनी शस्त्रक्रियेनंतर थोडं थोडं पाहायला शिकून दाखवलं. अलीराजपूरच्या त्या मुलीला पुढे दारातला उजेड आणि आईची लाल ओढणी कळायला लागली. अक्षरं नाही आली.

झाबुआ-अलीराजपूर फार लांब नाही. तुमच्या गल्लीत इमारत उठतेय ना, तिच्या वाळूच्या ढिगाजवळ तिकडच्याच मजुरांच्या बाळाची झोळी टांगलेली असते. त्या बाळाची बाहुली पांढरी दिसली, किंवा दोन-अडीच महिन्यांचं होऊनही ते आईकडे बघून हसत नसेल, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात घेऊन जा. पांढऱ्या बाहुलीमागे कधी कधी डोळ्याचा कॅन्सरही असतो, तो तर मुळीच थांबत नाही.

मी ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून आत पाहायचं यंत्र, आणला आहे. मागचे दिवे बंद करता का? या, एकेक जण पुढे या. हातभर अंतरावरून बघायचं. निरोगी बाहुली आतून लालसर उजळते, ती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवा.