यामानोतेच्या डब्यातली माणसं

नमस्कार मंडळी! जपान ट्रिपबद्दल बोल म्हटल्यावर बऱ्याच जणांना वाटलं असेल मी फुजी नि मंदिरं सांगणार, पण मला टोकियोच्या लोकलबद्दलच बोलायचंय.

यामानोते लाइन म्हणजे शहराच्या मधल्या भागाभोवती फिरणारी गोल लाइन, 30 स्टेशनं, अख्खी चक्कर मारायला साधारण एक तास. सकाळी मुलांना घेऊन शिंजुकुला चढलो तर डबा खच्चून भरलेला आणि आवाज काय तो अनाउन्समेंटचा. फोन मॅनर मोडवर म्हणजे सायलेंटवर ठेवा, डब्यात फोनवर बोलू नका असं सांगतात आणि लोक खरंच ऐकतात. दारावरच्या स्क्रीनवर जाहिराती, हवामान सगळं चालू, पण तेही बिनआवाजी.

बरेचसे मोबाइलमध्येच होते, ते काय सगळीकडे. मी बघत बसले पुस्तकवाल्यांकडे. बुंको म्हणतात त्या छोट्या पुस्तकांना, ए6 साइज, एका हातात पुस्तक नि दुसऱ्या हाताने वरची कडी धरायची. दुकानात विकत घेतानाच वर कागदाचं कव्हर घालून देतात त्यामुळे शेजारचा काय वाचतोय ते कळतही नाही, मला तर फार उत्सुकता लागलेली! आणि झोपणारे तर काय, बसून झोपतात, काही उभ्याउभ्या डुलक्या काढतात, आणि आपलं स्टेशन आलं की बरोबर उठून उतरतात.

नवरा म्हणाला, किती उदास गं, आपली डोंबिवली लोकल आठव. आता मी तिथलीच, टाळ वाजवत भजनं म्हणणारे ग्रुप, लेडीज डब्यात मांडीवर पिशवी घेऊन गवार निवडणाऱ्या बायका, दसऱ्याला डबा सजवून केलेली पूजा, हे सगळं बघतच मोठी झाले आणि मला ते मनापासून आवडतं. पण उदास मला नाही पटलं. एवढ्या गर्दीत शेजारच्याला त्रास नको म्हणून आवाज आवरायचा हेही माणसं जपणंच आहे की, आणि ज्याचा ग्रुप नाही, जो रात्रपाळी करून दमून चाललाय, त्याला तिथे शांत झोप मिळते.

इथे लंडनमध्ये आपल्यातले कितीतरी जण रोज ट्यूबने, म्हणजे इथल्या मेट्रोने जातात, म्हणून कमिटीला माझी विनंती आहे की मंडळाच्या लायब्ररीत खिशात मावतील अशी पातळ मराठी पुस्तकं वेगळी काढून ठेवूया, कथासंग्रह, कविता, काहीही. ज्यांच्या घरी अशी पडून असतील त्यांनी पुढच्या मेळाव्याला घेऊन या, चहाच्या टेबलावर वही ठेवलीय, त्यात आजच नाव लिहा.