पाचर काढली की नळी हातात

हे टेबलावर ठेवलेलं रिव्हॉल्व्हर बघा, कोल्ट 1851 नेव्ही. पण हे ना 1851 चं आहे ना अमेरिकेत बनलेलं. हे बनलंय इटलीत, ब्रेशियाजवळच्या गार्डोने व्हाल ट्रोम्पियात, जिथे शेकडो वर्षं बंदुकाच बनतायत, बेरेटासुद्धा तिथलीच.

1961 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धाला शंभर वर्षं होणार होती, लोकांना ती हत्यारं नुसती बघायची नव्हती तर चालवायची होती, म्हणून व्हॅल फोर्जेट नावाचा अमेरिकन व्यापारी थेट ह्या खोऱ्यात पोचला आणि उबेर्टीसारख्या कारागिरांकडून नव्या नेव्ही बनवून घेतल्या. अस्सल पीस काचेच्या कपाटात राहतो, त्यात काळी दारू भरायची कुणाची छाती होणार?

आता जरा जवळून. घोडा, म्हणजे मागचा हॅमर, अर्धा ओढला की सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा गोल भाग, मोकळा फिरतो. आधी दारू, मग शिशाची गोळी, ती सिलिंडरच्या भोकापेक्षा किंचित मोठी असते, नळीखालची दांडी दाबली की कडेनं शिशाची केसाएवढी रिंग सोलून निघते. ती रिंग पडली म्हणजे गोळी घट्ट बसली. मग मागे निपलवर, म्हणजे भोकामागच्या बोंडावर, तांब्याची टोपी, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी. बार झाला की पांढरा धूर, आणि फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या फटीत अडकला की सगळं जाम, म्हणून बरेच जण नळी वर करून घोडा ओढतात, तुकडा खाली पडावा म्हणून. हे पुस्तकात वाचून कळतं, पण हातात घेतल्यावर पटतं.

सिलिंडरवर कोरलेली जहाजं दिसली का? 16 मे 1843 ची कांपेचेची लढाई आहे ती, टेक्सासचं आरमार विरुद्ध मेक्सिको.

घेताना एक बघाच. बाजारात पितळी फ्रेमची .44 (इंचातलं कॅलिबर, म्हणजे नळीचं माप) नेव्ही ढिगानं मिळते, स्वस्त असते, दिसते पण छान, पण कोल्टची 1851 नेव्ही .36 चीच होती आणि फ्रेम पितळी नव्हती. पितळ वापरलं यादवी युद्धात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रिसवोल्ड अँड गनिसन कंपनीने, जॉर्जियात, कारण लोखंडाची टंचाई होती, आणि तीही .36 च. इतिहास म्हणून घेत असाल तर .44 नेव्ही घेऊ नका, अगदी मनापासून सांगतो.

फ्रेमवर छोट्या चौकोनात दोन अक्षरं असतात, इटलीच्या सरकारी चाचणीची. AA म्हणजे 1975. त्याआधी रोमन आकडे होते, आणि त्या आकड्यांच्या रेप्लिका आता लोक वेगळ्या जमवतायत, नक्कलच जुनी झाली.

संध्याकाळी नळी धरून ठेवणारी पाचर ठोकून काढायची, नळी वेगळी, सिलिंडर वेगळा, सगळं गरम साबणाच्या पाण्यात. पाणी लगेच काळं होतं, गंधकाचा वास सुटतो. आज नाही धुतलं तर उद्या सकाळी गंज.