प्लांटचा मुखवटा

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे आवाज पोचतोय ना? तो डावीकडचा पंखा बंद केलात तर बरं होईल, माईकमध्ये घरघर येतेय.

माझं काम फायबरग्लासचं. वागळे इस्टेटमध्ये माझा छोटा गाळा आहे. बागेतल्या घसरगुंड्या, बसच्या सीटा, टाक्यांची झाकणं असं काहीबाही बनवतो. आणि सतराव्या वर्षापासून तिशी उलटेपर्यंत मी हॉकीत गोलरक्षक होतो. आपल्या मैदानी हॉकीत, बर्फावरच्या नाही. मग बर्फावरच्या हॉकीवर बोलायला मी का उभा आहे? कारण माझी ही दोन्ही आयुष्यं एकाच माणसाच्या चेहऱ्यावर येऊन मिळाली. त्याचं नाव जाक प्लांट. बर्फावरच्या हॉकीतला गोलरक्षक, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला, जन्म १९२९चा.

त्याच्याकडे जाण्याआधी या टेबलावर पाहा. हा सीझनचा बॉल, हा हॉकीचा चेंडू आणि ही काळी चकती म्हणजे आइस हॉकीचा पक. व्हल्कनाइझ केलेलं रबर, ३ इंच व्यास, १ इंच जाडी. काटाही आणलाय, नंतर या आणि स्वतः वजन करून पाहा. सीझनचा बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅम, हॉकीचा चेंडूही तेवढाच आणि पक १५६ ते १७० ग्रॅम. तीन वेगळ्या खेळांत माणसांनी जवळजवळ सारखंच वजन निवडलं, याचं मला फार नवल वाटतं. फरक एवढाच की सामन्याआधी पक गोठवून ठेवतात. गोठला की तो कमी उसळतो, बर्फावर सपाट घसरतो आणि लागतो तेव्हा दगडासारखा लागतो.

आता वेग. शोएब अख्तरचा २००३च्या विश्वचषकातला चेंडू आठवतोय? ताशी १६१.३ किलोमीटर. झ्देनो खारा नावाच्या पावणेसात फुटांच्या बचावपटूनं २०१२ साली फटक्यांच्या स्पर्धेत पक ताशी १७५ किलोमीटरनं मारला. इतका वेग सामन्यात रोज येत नाही, पण १४० सहज येतो. बर्फावर आडवी आखलेली एक निळी रेषा असते, तिच्यापासून गोल साधारण १९ मीटरवर असतो. तिथून तसा फटका आला तर गोलरक्षकाच्या हातात अर्धा सेकंद. सहा मीटरवरून आला तर सेकंदाचा सातवा भाग. आणि डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे जवळचा फटका पाहून अडवताच येत नाही. मारणाऱ्याचा खांदा, मनगट, काठीचं पातं बघून आधीच जागा धरावी लागते, पुढे सरकून कोन बंद करावा लागतो. बर्फावरचा गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच, आपला हॉकीचा १२ बाय ७. म्हणून तिथला चांगला गोलरक्षक गोलाचा बराचसा भाग अंगानंच झाकू शकतो. पण त्यासाठी तोंड समोरच ठेवावं लागतं, आणि पुष्कळ वर्षं ते उघडं होतं.

माझी एक गोष्ट सांगतो, म्हणजे याचा अर्थ कळेल. मी सतरा वर्षांचा होतो. क्रिकेटचे जुने पॅड बांधून गोलात उभा केला होता मला. हेल्मेट नव्हतंच, कुणाकडेच नव्हतं. पेनल्टी कॉर्नरला चेंडू कुणाच्या तरी काठीला लागून वर उडाला आणि या इथे, डाव्या भुवईवर बसला. पाच टाके. आमचे सर म्हणाले, "गोली आहेस ना? मग रडतोस कशाला?" मी रडत नव्हतो, डोळ्यात रक्त गेलं होतं. जखम पंधरा दिवसांत भरली. भरलं नाही ते वेगळंच. पुढचे सहा महिने फटका आला की माझी मान आपोआप उजवीकडे वळायची. लोकांना वाटतं घाबरलेला गोलरक्षक पळतो किंवा डोळे मिटतो. तसं होत नाही. तो जागेवर उभा राहतो, हातपाय बरोबर टाकतो आणि शेवटच्या क्षणी फक्त मान वळवतो. चेंडू पायाखालून जातो. बाहेरच्याला वाटतं, नशीब खराब. आत उभा असलेल्याला कळतं काय झालं ते.

पहिल्या पगारातून मी जुनं, कुणीतरी वापरलेलं हेल्मेट घेतलं. दोन-तीन आठवड्यांत मान वळायची थांबली. मी काही शूर झालो नव्हतो, फक्त मला आता बघता येत होतं.

आता प्लांट. अकरा भावंडांत थोरला. लहानपणी दम्याचा त्रास, फार स्केटिंग केलं की धाप लागायची, म्हणून गोलात गेला. आईकडून विणकाम शिकला होता, आणि मोठा खेळाडू झाल्यावरही स्वतःच्या लोकरीच्या टोप्या स्वतः विणायचा. गोल सोडून बाहेर येऊन पक ताब्यात घ्यायचा आणि बचावपटूंना द्यायचा, हेही त्या काळात नवीन होतं. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघानं १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षं स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या तिथल्या व्यावसायिक साखळीचा करंडक, जिंकला, तेव्हा गोलात हाच होता. पाच वर्षं ओळीनं कप जिंकणं दुसऱ्या कुठल्याही संघाला आजवर जमलेलं नाही.

या काळात गोलरक्षकाच्या चेहऱ्याचे काय हाल होत ते ऐका. टेरी सॉचक हा त्याचा समकालीन. कारकिर्दीत १०३ सामने असे, की समोरच्या संघाला एकही गोल करता आला नाही. आणि चेहऱ्यावर चारशेहून जास्त टाके. ग्लेन हॉल यानं १९५५ ते १९६२ या काळात साखळीतले ५०२ सामने एकही न चुकवता खेळले, तेही मुखवट्याशिवाय. हा विक्रम कुणी मोडेल असं मला वाटत नाही. पण सामन्याआधी त्याला उलटी व्हायची, वर्षानुवर्षं. लोक ही गोष्ट कौतुकानं सांगतात. मला ती ऐकून कधीच हसू आलं नाही. पोटात ढवळत असताना ५०२ वेळा पॅड बांधून बाहेर येणारा माणूस मला फार मोठा वाटतो, आणि त्याला तसं बाहेर पाठवणारी रीत मला मुळीच मोठी वाटत नाही.

त्या काळी संघाबरोबर दुसरा गोलरक्षक नसायचा. एकच. त्याला लागलं तर खेळ थांबायचा, आत नेऊन टाके घालायचे आणि तो परत उभा राहायचा.

प्लांट १९५०च्या दशकाच्या मध्यापासून सरावाला मुखवटा घालत होता. सामन्यात घालू द्यायला प्रशिक्षक टो ब्लेक तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, नजर अडेल, आणि आपला गोलरक्षक घाबरतो असा संदेश जाईल. १९५८ साली प्लांटच्या कपाळावर पक बसला. तो सामना बिल बर्चमोर नावाचे एक गृहस्थ पाहत होते आणि ते फायबरग्लासच्या कंपनीत कामाला होते! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा गाळ्यात रोलर हातात घेऊन तसाच उभा राहिलो होतो. त्यांनी प्लांटला कळवलं की तुझ्या चेहऱ्याचा साचा काढून त्यावर हुबेहूब बसेल असं कवच करता येईल. मग चेहऱ्याला व्हॅसलीन, वर प्लास्टर, श्वासाला नळ्या, असा साचा काढला गेला.

हे काम कसं असतं ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो. आधी साच्याला वॅक्स. मग काचेच्या तंतूंची मॅट फाडून घ्यायची. फाडायची, कापायची नाही, म्हणजे कडा एकमेकांत मिसळतात. रेझिनमध्ये हार्डनर घातला की घड्याळ सुरू झालं, पंधरा-वीस मिनिटांत हात आटपायचा. ब्रशनं ठोकत ठोकत मॅट बसवायची, रोलरनं हवा काढायची. नाक, भुवया, हनुवटी, जिथे वळण आहे तिथेच बुडबुडा लपतो, आणि बुडबुडा राहिला की मार लागल्यावर तडा तिथूनच जातो. घासताना उडणारी धूळ मनगटात शिरते, आंघोळ करूनही दोन दिवस खाज जात नाही. हा मी केलेला नमुना. फोटोंवरून केलाय, बर्चमोरच्या पहिल्या मुखवट्यासारखा, कातडीच्या रंगाचा. डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एक फट. दिसायला भीतिदायक आहे, मान्य.

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झालेला. समोरच्या न्यूयॉर्क रेंजर्स संघातल्या अँडी बाथगेटचा फटका प्लांटच्या तोंडावर बसला. त्याला आत नेलं, नाकाजवळ सात टाके घातले. ब्लेक विचारायला आले, आणि प्लांट म्हणाला, मुखवटा घालूनच परत जाईन, नाहीतर जाणार नाही. दुसरा गोलरक्षक नव्हता. ब्लेक यांना मान्य करावं लागलं. मॉन्ट्रियल ३-१ जिंकलं, आणि मुखवटा घालून पुढेही जिंकत राहिलं. १९६०च्या मार्चमध्ये ब्लेक यांच्या आग्रहाखातर तो एक सामना उघड्या चेहऱ्यानं खेळला, ०-३ हरला, आणि मुखवटा परत आला तो कायमचा.

न्याय म्हणून सांगायला हवं की सामन्यात मुखवटा घालणारा तो पहिला नव्हे. क्लिंट बेनेडिक्टनं १९३० साली नाक मोडल्यावर काही सामने चामड्याचा मुखवटा घातला होता, पण नजर अडते म्हणून सोडून दिला. बर्फावर पडून पक अडवायला गोलरक्षकांना मनाई होती, ती १९१८च्या जानेवारीत उठली, तीही याच बेनेडिक्टमुळे. पडायची परवानगी मिळाली आणि तोंड फटक्यांच्या उंचीवर आलं!

प्लांट घाबरट आहे, असं म्हणणारे होतेच. त्यांना तो म्हणे विचारायचा, पॅराशूटशिवाय विमानातून उडी मारणाऱ्याला तुम्ही शूर म्हणाल का? पण त्याचं खरं उत्तर त्याच्या पुढच्या कारकिर्दीत आहे. १९६३ साली मॉन्ट्रियलनं त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं. १९६५ साली निवृत्त झाला. तीन वर्षांनी सेंट लुईसच्या संघातून परत खेळायला आला आणि चाळिसाव्या वर्षी, १९६८-६९च्या मोसमात, सर्वांत कमी गोल होऊ दिल्याबद्दल मिळणारी व्हेझिना ट्रॉफी मिळवली, कारकिर्दीतली सातवी. ती वाटून घ्यायला बरोबर कोण होतं? उलटीवाला ग्लेन हॉल. त्याच मोसमात हॉलनंही पहिल्यांदा मुखवटा चढवला. १९७०च्या अंतिम फेरीत बॉस्टनविरुद्ध एक पक प्लांटच्या कपाळावर असा आदळला की मुखवटा फुटला आणि तो बेशुद्ध पडला. मुखवटा नसता तर मी वाचलो नसतो, असं तो नंतर म्हणाला. त्यानंतर टोरांटो, बॉस्टन, आणि शेवटी एडमंटन. १९७५ साली थांबला तेव्हा वय ४६. मधल्या काळात मुखवटे बनवायचा धंदाही काढला. १९८६ साली गेला.

एनएचएलमध्ये मुखवट्याशिवाय खेळणारा शेवटचा गोलरक्षक अँडी ब्राउन, १९७४. म्हणजे प्लांटनंतर पंधरा वर्षांत तिथे प्रश्न मिटला. मधल्या काळात बॉस्टनच्या गेरी चीव्हर्सनं सुरू केलेली रीत मला फार आवडते. पक जिथे लागला तिथे मुखवट्यावर काळ्या पेननं टाके काढायचे. हे टाके माझ्या चेहऱ्यावर पडले असते, असा तो हिशेब. काही वर्षांत मुखवट्यावर कोरी जागाच उरली नाही.

नंतरच्या मोठ्या नावांबद्दल आज फार बोलत नाही. मार्टिन ब्रोदरचे ६९१ विजय, डॉमिनिक हाशेकनं १९९८ला नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडाचे पाचही पेनल्टी फटके अडवणं, ही स्वतंत्र व्याख्यानं आहेत. फक्त एवढं बघा की ही सगळी माणसं गुडघ्यांवर उतरून, तोंड पकच्या रेषेत ठेवून खेळली.

आपल्याकडेही हा खेळ आहे, लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर. आपल्या मुलींच्या संघानं २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीत आशिया-ओशनिया स्पर्धेत कांस्यपदक आणलं. बहुतेक मुली लडाखच्या, काही हिमाचलच्या. तळं फुकट गोठतं, पण गोलरक्षकाचं सामान गोठून मिळत नाही. संघात सगळ्यांत महाग मूल गोलात उभं असतं, तिथेही आणि आपल्याकडेही.

म्हणून शेवटी इथे बसलेल्या पालकांशी आणि सरांशी बोलतो. माझ्याकडे मुलं येतात, काका, तुम्हीच बनवून द्या ना मास्क. मी देत नाही. हा टेबलावरचा नमुना आहे, तपासलेला नाही, आणि मी मैदानावर कुणाला तो घालू देणार नाही. दुकानातलं, हॉकीच्याच गोलरक्षकासाठी बनवलेलं, जाळीचं हेल्मेट घ्या. एका मुलाला जमत नसेल तर शाळेत एक ठेवा आणि आळीपाळीनं वापरा. चेंडू घेऊन सरावाला उभं करायच्या आधी घ्या.

गेल्या महिन्यात एक आई गाळ्यावर आली होती, बारा वर्षांच्या मुलीला घेऊन. म्हणाली, ही हल्ली गोलात मान वळवते, तिचे सर म्हणतात हिला काढून टाका. मी मुलीला विचारलं, कुठे लागलं होतं? तिनं काही न बोलता हनुवटीखाली बोट ठेवलं. शनिवारी तिला घेऊन बाजारात जायचंय, डोक्याचं माप घ्यायला.

मुखवटा आता पहिल्या रांगेपासून मागे पाठवतो. आतल्या बाजूला हात घासू नका, तिथे अजून पॉलिश पेपर मारलेला नाही.