नकाशावर बर्फ, होडीखाली पाणी

(फोंड्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

‘उपग्रह रोज वरून फोटो काढतायत, मग शिडाची होडी घेऊन उत्तर ध्रुवाकडे जाऊन तुम्ही वेगळं काय पाहणार?’ हा प्रश्न मला गोव्यात सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. विचारणाऱ्यांत आयुष्य बोटीवर काढलेले तारवटीही असतात, म्हणून तो मी गंभीरपणे घेते. आजचं बोलणं त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे.

युरोपातून आशियात उत्तरेकडून जाणारी वाट शोधायचा ध्यास फार जुना आहे. कॅनडाच्या माथ्यावरच्या बेटांमधून जाते ती वायव्य वाट. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं घेऊन त्या वाटेला गेले. १२९ माणसं होती, एकही परत आला नाही. जहाजं सापडली ती थेट २०१४ आणि २०१६ मध्ये, समुद्राच्या तळाशी. पुढे नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनने योआ नावाच्या लहानशा होडीतून सहा सोबत्यांसह ही वाट प्रथम पार केली. १९०३ मध्ये निघाला, १९०६ मध्ये पलीकडे पोचला. मधले तीन हिवाळे बर्फात गेले. त्यांतले दोन किंग विल्यम बेटावर काढले. तिथल्या इनुइट लोकांकडून तो कपडे कसे घालायचे, कुत्र्यांची गाडी कशी हाकायची, हे शिकला आणि म्हणून जगला.

आता २०१० मध्ये या. बोर्गे आउसलान आणि थोरलाइफ थोरलाइफसन हे दोघे नॉर्वेजियन ३१ फुटी ट्रायमरान, म्हणजे तीन सांगाड्यांची शिडाची होडी, घेऊन ओस्लोहून निघाले. रशियाच्या माथ्यावरची ईशान्य वाट आणि कॅनडाची वायव्य वाट, दोन्ही एकाच उन्हाळ्यात पार करून ऑक्टोबरमध्ये घरी परतले. होडी फायबरग्लासची. बर्फाची एक धारदार कड लागली तर चिरेल अशी. आर्क्टिक किती बदललंय हे लोकांना दिसावं, हाच त्यांचा हेतू होता. २०१६ मध्ये ब्रिटनचे डेव्हिड हेम्पलमन-अ‍ॅडम्स नॉर्थअबाउट या अ‍ॅल्युमिनियमच्या होडीतून त्याच हेतूने गेले आणि उत्तर ध्रुवाला एका मोसमात प्रदक्षिणा घालून आले. रशियाच्या बाजूला बर्फाने त्यांना बराच काळ थोपवून धरलं, पण वायव्य वाट त्यांनी सुमारे दोन आठवड्यांत पार केली. अमुंडसेनला तिला तीन वर्षं लागली होती. एंजिन सुधारलं, नकाशे सुधारले, हवामानाचे अंदाज होडीवर मिळू लागले, हे सगळं वजा करा. तरी जो फरक उरतो तो बर्फाचा आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तारा या फ्रेंच शिडाच्या जहाजाची सफर. १८९३ मध्ये फ्रित्यॉफ नानसेनने फ्राम हे जहाज मुद्दाम बर्फात गोठवून घेतलं. बर्फ सरकतो, त्याबरोबर आपणही सरकत ध्रुवाजवळून अटलांटिककडे निघू, असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर निघाला, पण सुटायला १८९६ चा ऑगस्ट उजाडला. तारानेही सप्टेंबर २००६ मध्ये तसंच केलं. सायबेरियाच्या उत्तरेला स्वतःला बर्फात अडकवून घेतलं. त्यांनीही लांबच्या मुक्कामाची तयारी ठेवली होती, पण जानेवारी २००८ मध्येच बर्फाने त्यांना ग्रीनलंड आणि स्वालबार्ड बेटांच्या मधल्या समुद्रात आणून सोडलं. दोघांची सुरुवातीची जागा नेमकी एक नव्हती, हे खरं. पण तीन वर्षांचा प्रवास दीड वर्षाच्या आत व्हावा, एवढा फरक जागेने पडत नाही. बर्फ पातळ झाला, मोकळा झाला आणि वारा त्याला भराभर ढकलू लागला. बर्फाचा विस्तार उपग्रहाला दिसतो. बर्फ किती सुटा झालाय, हे ताराच्या लोकांनी त्यात अडकून, त्याच्याबरोबर वाहत जाऊन अनुभवलं. सोबत हवेची, बर्फाच्या जाडीची, खालच्या पाण्याच्या तापमानाची मोजणी रोज चालू होती. होडीने जायचं तर असं जावं, असं माझं मत आहे.

उपग्रहांची सलग नोंद १९७९ पासूनची. त्या वर्षी सप्टेंबरात, म्हणजे उन्हाळ्याअखेर बर्फ सर्वांत कमी असतो तेव्हा, सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ होता. २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला. तो नीचांक पुढे कित्येक वर्षं मोडला गेला नाही, आणि त्यावरून ‘बघा, थांबलं’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी बर्फाचं वय विचारते. चार वर्षांहून जुना बर्फ १९८५ च्या मार्चमध्ये एकूण बर्फाच्या सुमारे एक तृतीयांश होता. आता तो पाच टक्केसुद्धा नाही. एकाच हिवाळ्यात धरलेला नवा बर्फ खारट, मऊ आणि पातळ असतो. जुन्या बर्फातून मीठ निथळून गेलेलं असतं, तो निळसर आणि दगडासारखा टणक होतो, आणि वितळवून त्याचं पाणी पिता येतं. खलाशी दोन्ही लांबूनच ओळखतात. समुद्रावरची चादर कायम आहे असं वरून दिसलं, तरी ती दरवर्षी नव्याने विणलेली आणि विरळ आहे.

बर्फ कमी झाला म्हणजे वाट सोपी झाली, असंही समजू नका. ध्रुवाकडचा टणक बर्फ पूर्वी एका जागी धरलेला असायचा. आता तो सुटून दक्षिणेकडच्या अरुंद खाड्यांमध्ये उतरतो. ऑगस्ट २०१८ मध्ये बेलो सामुद्रधुनीजवळ एक शिडाची होडी अशा बर्फात चिरडून बुडाली. होडीवरच्या दोघांना बर्फाच्या लादीवरून हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. त्या मोसमात बऱ्याच होड्या अर्ध्या वाटेवरून परतल्या. बर्फाच्या नकाशावर पाण्याचे दहा भाग कल्पून त्यातले किती भाग बर्फाने भरलेत ते रंगाने दाखवतात. हिरवा असेल तर जपून जा. पिवळ्यात लहान होडीने शिरू नये. नारिंगी आणि लाल दिसला की होडी वळवायची. हा नकाशा सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं सांगतो, कारण वारा फिरला की बर्फही फिरतो.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगते. स्वालबार्ड हा नॉर्वेचा द्वीपसमूह. एका पोलादी बांध्याच्या, दोन डोलकाठ्यांच्या जहाजावर मी तिथे खलाशी म्हणून होते. काँग्सफियॉर्ड नावाची खाडी आहे, ७९ अंश उत्तरेला. तिच्या काठावर नी-ओलेसुंड. एके काळी ते कोळशाच्या खाणीचं गाव होतं. १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले आणि खाण बंद झाली. आज तिथे देशोदेशीची संशोधन केंद्रं आहेत. त्यांतच २००८ पासून भारताचं हिमाद्री. त्याचा कारभार आपल्या वास्कोतून, हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रातून चालतो. गावाजवळ आलात की फोनचं वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद करायचं, कारण तिथली रेडिओ दुर्बीण आकाशातले अतिशय क्षीण संकेत टिपत असते.

खाडीच्या टोकाला हिमनद्या समुद्रात उतरतात. आम्ही त्या बाजूला निघालो. चार्टप्लॉटरच्या, म्हणजे जहाज कुठे आहे ते नकाशावर दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर हिमनदी पांढऱ्या रंगात काढलेली आणि आमचं जहाज म्हणजे एक छोटं काळं चिन्ह. ते चिन्ह पांढऱ्याच्या कडेला टेकलं, आत शिरलं आणि आत जात राहिलं. यंत्राच्या मते आम्ही हिमनदीच्या पाठीवरून चाललो होतो. नाळेसमोर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोर मात्र गाळाने तांबूस झालेलं पाणी होतं आणि बर्फाचा खरा कडा अजून बराच पुढे. त्या पट्ट्यात नकाशावर खोलीचा एकही आकडा नाही, कारण मोजणी झाली तेव्हा तिथे मोजायला पाणीच नव्हतं. अशा वेळी वेग अगदी कमी करायचा. एकाने नाळेवर उभं राहून तरंगत्या तुकड्यांवर नजर ठेवायची, एकाने खोलीमापकाचे आकडे मोठ्याने वाचायचे, एकाने ते वेळ आणि जागा टाकून वहीत उतरवायचे. माझ्याकडे वही होती. चाळीस. अडतीस. बत्तीस. अकरा. ‘अकरा’ ऐकल्याबरोबर कप्तानाने जहाज मागे घेतलं. हिमनदीने मागे हटताना सोडून दिलेल्या दगडमातीची रास पाण्याखाली होती, आणि ती कुठल्याच नकाशावर नव्हती.

एंजिन बंद केलं तेव्हा आजूबाजूचे बर्फाचे तुकडे फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडताना ऐकू आले. बर्फात फार पूर्वी दाबली गेलेली हवा वितळताना बुडबुड्यांनी फुटून बाहेर येते, तिचा तो आवाज. हवेचे असेच बुडबुडे खोलवरच्या बर्फातून काढून शास्त्रज्ञ जुन्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता ते मोजतात.

त्याच खाडीत ब्लोमस्ट्रांड म्हणून भूभाग आहे. जुन्या नकाशांत तो किनाऱ्याला जोडलेला दिसतो. ज्याने जोडलेला होता ती हिमनदी होती. १९९० च्या दशकात ती मागे हटली आणि तिथे एक बेट असल्याचं जगाला कळलं. आता त्याच्या मागून होडी फिरवून आणता येते. २०१४ मध्ये वास्कोच्या संस्थेने याच खाडीत सुमारे १९२ मीटर खोलीवर इंडआर्क हे यंत्र सोडलं. पाण्याचं तापमान आणि खारटपणा ते वर्षभर नोंदवतं. अटलांटिकचं गरम पाणी आत घुसत असल्याने ही खाडी २००६ पासून हिवाळ्यात पूर्वीसारखी गोठत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं फोंड्यात बसून आम्ही का ऐकायचं? पहिलं कारण पाऊस. वास्कोच्याच शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये परदेशी सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथला उन्हाळी बर्फ घटला की वरच्या थरातल्या वाऱ्यांची घडी बदलते, आणि अरबी समुद्र तापलेला असेल तर सप्टेंबरअखेर मध्य भारतात अतिवृष्टीला पोषक स्थिती तयार होते, असा संबंध त्यांना दिसला. संबंध शक्य आहे, एवढंच ते म्हणाले, आणि मीही तेवढंच म्हणते. पण भात पिकून पिवळं झालेलं असताना कोसळणारा पाऊस म्हणजे काय, ते इथे कुणाला समजावून सांगायला नको.

दुसरं कारण आपली खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल शेतं. समुद्रात तरंगणारा बर्फ वितळून पाण्याची पातळी वाढत नाही, हे आधी स्पष्ट करते. पातळी वाढते ती जमिनीवरच्या बर्फामुळे, मुख्यतः ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि डोंगरांवरच्या हिमनद्यांमुळे, आणि पाणी तापून फुगल्यामुळे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरची सरासरी वाढ सुमारे २० सेंटिमीटर झाली. अलीकडचा वेग वर्षाला साधारण पावणेचार मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. मग खाजनाच्या बांधावर जा आणि मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी उभे राहा. भरती चढली की मानशीचं लाकडी दार पाण्याच्या दाबाने आपोआप लागतं, ओहोटी लागली की शेतातलं पाणी दार ढकलून नदीत जातं. कित्येक शतकांपूर्वी गावकारांनी बसवलेली ही घडी अजून चालते. पण नदीची सरासरी पातळी चढली की दार लागून राहण्याचे तास वाढतात आणि उघडं राहण्याचे घटतात. जुलैचा पाऊस शेतात साचतो, बाहेर जायला वेळ पुरत नाही. कोरगुट भात खारं पाणी सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. मांडवीच्या काठचा शेतकरी हे मिलिमीटर मोजत नाही. मानशीतून पाणी उतरायला किती वेळ लागला, ते त्याला ठाऊक असतं.

आता एक अडचणीचा मुद्दा. तिथे जायला इंधन जळतंच. मी विमानाने गेले, जहाजावर डिझेल एंजिन होतं. मोठ्या जहाजांच्या जड तेलाची काजळी बर्फावर बसते आणि बर्फ काळवंडला की ऊन परतवायच्या ऐवजी शोषतो. जुलै २०२४ पासून आर्क्टिकमध्ये या तेलावर बंदी आली, पण सवलती २०२९ पर्यंत चालू राहणार आहेत. बर्फ हटल्याने जी वाट मोकळी होते तीच मालवाहू जहाजांना आणि तेलाच्या शोधाला आत बोलावते. म्हणून निव्वळ विक्रमासाठी, फोटोसाठी तिथे जाणाऱ्या होड्या मला पटत नाहीत. जो जाईल त्याने मोजून आणावं, आणि परत येऊन आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगावं.

आणि हे करायला गोव्याइतकी लायक जागा मला देशात दिसत नाही. म्हादेई आणि तारिणी या होड्या दिवाडी बेटावर बांधल्या गेल्या. म्हादेईतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता केली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तारिणीतून गोव्याहून निघून गोव्याला परतल्या, आणि २०२४-२५ मध्ये दोघींनीच ती प्रदक्षिणा पुन्हा केली. हे सगळे दक्षिणेच्या खवळलेल्या समुद्रातून गेले. उत्तरेला बर्फाशी गाठ असल्याने फायबरग्लासपेक्षा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पोलादाचा बांधा हवा, तळ उथळ हवा. तेवढं बांधण्याची अक्कल आपल्या कारागिरांकडे आहे. मोजायचं काय ते सांगायला वास्को आणि दोनापावलाच्या समुद्रसंशोधन संस्था आहेत. खोलीचे आकडे तर साध्या होड्यांकडूनही आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटना मागून घेते.

माझी मागणी एवढीच आहे की अशी होडी निघेल तेव्हा तिच्यावर एक जागा खाजनाचा बांध सांभाळणाऱ्या घरातल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी राखून ठेवा. वही त्याच्या हातात द्या. काँग्सफियॉर्डमधल्या खोलीचे आकडे आणि आपल्या मानशीवरच्या भरतीच्या खुणा, दोन्ही त्याच वहीत उतरू देत. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात मानशीच्या जुन्या नोंदी किंवा बांधाच्या दुरुस्तीचे कागद असतील, तर कार्यक्रमानंतर मला भेटा, ते मला पाहायचे आहेत.