पट 28, पण वर्ग पाच आहेत त्याचं काय?

नमस्कार मंडळी. आज आपल्या झेडपीच्या शाळेच्या पटाबद्दल बोलायचंय.

2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक आणि 60 पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक असं ठरलंय. आता समजा शाळेत 28 मुलं आणि दोन शिक्षक, म्हणजे एकाला 14, कागदावर किती छान दिसतं बघा! पण ती 28 मुलं पाच इयत्तांची आहेत ना. बाई पहिलीला अ-आ गिरवायला देतात, लगेच वळून दुसरीला हातच्याची बेरीज दाखवतात, तेवढ्यात कुणाची पेन्सिल तुटते, कुणाला शूला जायचं असतं, खिचडीचे तांदूळ मोजून द्यायचे असतात आणि वर ग्रुपवर मेसेज येतो की माहिती आजच्या आज ऑनलाइन भरा. त्यात सर मीटिंगला गेले की पाचही वर्ग बाईंच्याच गळ्यात.

आणि मार्च 2024 च्या जीआरनं तर 20 पर्यंत पटाला एकच नियमित शिक्षक धरला, दुसरा शक्यतो रिटायर झालेल्यांमधून. मला हे अजिबात पटत नाही.

कारण या शाळांत उरलंय कोण ते बघा. ज्यांना परवडतं त्यांची मुलं पिवळ्या व्हॅनमधून इंग्लिश मीडियमला जातात, मागे राहतात ती शेतमजुरांची, वीटभट्टीवाल्यांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची. बीडकडं दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, कारखाना बंद होईपर्यंत परत येत नाहीत, आणि संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवायचा, पट मात्र 30 सप्टेंबरचा धरतात, त्यात हे बुडालेले महिने दिसतच नाहीत! हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण पहिलीतलं लेकरू आईला सोडून राहतंय होय? म्हणजे ज्या मुलाच्या घरी अभ्यास घेणारं कुणी नाही, ज्याचे चार-पाच महिने बुडालेत, त्याच्याच शाळेतला शिक्षक आपण कमी करतो.

मुलं मोजा, पण इयत्तापण मोजा, एवढंच मागणं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानंच 75 टक्के पालक असतात, तेव्हा पुढच्या मीटिंगला नुसती सही करून येऊ नका, इयत्तावार मुलांचा तक्ता जोडून लेखी ठराव घ्या, एक कॉपी गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि त्याची पोच मागून घ्या.